सहीच्या आधी सभा

गुढीपाडव्याला कोल्हापूरच्या जरगनगरमध्ये एका सरकारी शाळेसमोर पालकांची रांग लागते. महापालिकेचे लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिर. पहिलीच्या प्रवेशासाठी लोक आदल्या रात्रीपासून तिथे मुक्काम ठोकतात आणि त्या रांगेचे फोटो दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात. देणगी घेणाऱ्या इंग्रजी शाळा शहरभर असताना मराठी माध्यमाच्या पालिका शाळेसाठी लोक रात्र जागून काढतात, याचा कोल्हापूरकरांना अभिमान आहे आणि तो योग्यच आहे.

तिथून दुचाकीवर काही मिनिटांत कळंबा येते. कागदोपत्री कळंबे तर्फ ठाणे, तालुका करवीर. एकेकाळी कळंबा तलावाचे पाणी शहराला जायचे. आता शहरच तलावापर्यंत आले आहे. कोल्हापूरची महापालिका १९७२ची. तेव्हापासून हद्द वाढलेली नाही, त्यामुळे कळंबा अजून ग्रामपंचायतीतच आहे. जुनी शेतकरी घरे, त्यांच्या शेजारी अपार्टमेंट, भाड्याने राहणारी नोकरदार आणि मजूर कुटुंबे असा इथला पालकवर्ग आहे. आपले मूल कोणत्या शाळेत घालायचे, हा इथे घराघरातला प्रश्न. जरगनगरला नंबर लागला नाही तर पुढे काय?

सरकारी शाळेवर लोकांचा विश्वास बसावा यासाठी धोरण कसे असावे, याबद्दल दोन टोकांची मते नेहमी ऐकू येतात. एक मत शिक्षकांचे आणि शिक्षण खात्यात आयुष्य घालवलेल्यांचे, दुसरे पालकांचे. ती दोन्ही समोरासमोर यावीत म्हणून पुढचा संवाद रचला आहे. त्यातली माणसे कल्पित आहेत आणि शाळाही मुद्दामच ओळखू येईल अशी ठेवलेली नाही. सर म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळांवर राबून केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. ताई म्हणजे त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. सकाळी तलावाच्या बांधावर फिरताना दोघांची गाठ पडते आणि विषय रांगेवरून निघतो.

सर : सांगू काय तुला, ती रांग समिती बघून लागत नाही. "या शाळेची व्यवस्थापन समिती चांगली, म्हणून पोराला इथं घातलं," असं म्हणणारा एक तरी पालक दाखव मला. रांग शिक्षकांसाठी लागते. शिष्यवृत्तीच्या यादीत पोरांची नावं येतात, शेजारचं पोरगं धडाधडा वाचतं, हे लोकांना दिसतं. विश्वास तिथं बसतो. धोरणं, ठराव, समित्या हे सगळं मागनं येतं.

ताई : मान्य आहे सर. पण ज्या शाळेचं नाव अजून व्हायचंय, तिनं काय करायचं? आमच्या शाळेतले शिक्षकसुद्धा राबतात. पालकांना ते दिसतच नाही. पालकांना दिसतं काय, तर ऑगस्ट उजाडला तरी गणवेश आला नाही, शौचालयाचं दार मोडलंय आणि कुणाला विचारावं तर "वरून आलेलं नाही" एवढंच उत्तर. चार वेळा असं उत्तर मिळालं की माणूस शाळाच बदलतो.

सर : गणवेशाचं खापर शाळेवर फोडू नका. तो सरकारचा निर्णय होता.

ताई : तेच म्हणतेय मी! निर्णय तिकडं झाला, शिव्या आम्ही आणि मुख्याध्यापकांनी खाल्ल्या.

गणवेशाची ही गोष्ट नीट सांगायला हवी, कारण शाळेच्या धोरणातून विश्वास कसा तुटतो हे समजायला अलीकडे दुसरे इतके स्वच्छ उदाहरण नाही. समग्र शिक्षा योजनेत पात्र विद्यार्थ्याला दोन गणवेश मिळतात. एका गणवेशाला तीनशे रुपये याप्रमाणे सहाशे रुपये शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे. समिती गावातून किंवा जवळच्या बाजारातून कापड घ्यायची, शिवून घ्यायची. २०२४-२५ला राज्यभर 'एक राज्य, एक गणवेश' लागू झाला. कापड राज्य पातळीवर खरेदी करायचे आणि बचत गटांतल्या बायकांनी ते शिवायचे, अशी कल्पना होती. हेतू वाईट नव्हता. पण स्वातंत्र्यदिन उलटला तरी पुष्कळ शाळांत गणवेश पोचले नाहीत आणि जे पोचले त्यांतले कितीतरी मापाचे नव्हते. शेवटी डिसेंबर २०२४मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिला. एक पूर्ण वर्ष गेले. पहिलीत असलेल्या मुलाला ते वर्ष परत मिळत नाही.

सर : आता माझं ऐक. समितीकडं खरेदी होती तेव्हाचे दिवस मी बघितलेत. एका गावात कापडाचं दुकान अध्यक्षाच्या मेव्हण्याचं. दुसऱ्या गावात कोटेशनं तीन, पण तिन्हीवर अक्षर एकाच माणसाचं. पोरांच्या अंगावर दोन धुण्यांत विटणारं कापड. सरकारनं खरेदी वर ओढली ती उगाच नाही. गावाच्या हातात पैसा दिला की गावाचं राजकारण शाळेत शिरतं. तू अध्यक्ष आहेस, तुला ठाऊक आहे.

ताई : ठाऊक आहे. पण सर, गावात खोटं झालं तर ते गावात कळतं. मेव्हण्याचं दुकान आहे हे तुम्हाला कळलंच की नाही? मापात चूक झाली तर शिंप्याकडं जाऊन शिवण उसवून घेता येते. मंत्रालयातल्या टेंडरकडं मी कुठल्या गाडीनं जाऊ?

सर : म्हणजे गावातली चोरी चालेल?

ताई : चालणार नाही. पण ती पकडायला मी तिथं असते. पकडायला गावाला कायद्यानं दिलेला हात एकच आहे, ती समिती. तो हात कापडखरेदीवरून काढला म्हणून भ्रष्टाचार गेला, असं कुणी म्हटलंय?

मला या प्रश्नात ताईंची बाजू पटते. लांबच्या निर्णयात चूक झाली की ती लाखो मुलांची होते आणि दुरुस्त व्हायला वर्ष लागते. जवळच्या निर्णयातली चूक एका गावाची असते. तरीही सरांचा अनुभव खोटा नाही. समितीला खर्चाचा अधिकार मिळाला आणि हिशेब मात्र कपाटातच राहिला, तर त्या अधिकाराने विश्वास वाढत नाही, उलट गावात कुजबुज वाढते.

सर : आणखी एक सांगतो. ही विचारून-पुसून धोरण करण्याची भाषा तुम्ही लोक फार करता. आपल्या शाहू महाराजांनी कुणाला विचारलं होतं? १९१७ला त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये चिखलीला पहिली शाळा निघाली. पोराला शाळेत घातलं नाही तर बापाला महिना एक रुपया दंड. तेव्हा एक रुपया म्हणजे काय होता, विचार कर. महाराजांनी पालकसभा बोलावली असती तर अर्धी माणसं म्हणाली असती, पोरगं गुरामागं जाऊ दे. हुकूम काढला म्हणून बहुजनांची पोरं शिकली.

ताई : हुकूम काढला खरा. पण हुकमाबरोबर महाराजांनी तिजोरीही उघडली, सर. शाळा काढल्या, मास्तर नेमले. दोन वर्षांनी, १९१९ला, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या पोरांना एका शाळेत बसवायचा आदेश काढला. ज्याला गावात पंगतीला बसू देत नव्हते, त्यानं आपलं पोरगं वर्गात बसलेलं बघितलं. त्याचा विश्वास बसला तो हुकमावर नव्हे, त्या बघण्यावर. आता तर हुकूम निघतो आणि महिन्यात मागंही घेतला जातो.

सर : हिंदीचं म्हणतेस?

ताई : दुसरं काय! एप्रिल २०२५ला सांगितलं, पहिलीपासून हिंदी. जूनमध्ये सुधारित आदेश. लोक रस्त्यावर यायला निघाले, तेव्हा २९ जूनला दोन्ही आदेश रद्द. शाळा सुरू होऊन पंधरवडा झाला होता. पालक मला विचारत होते, "ताई, पोरगीला तिसरी भाषा आहे का नाही?" मी काय सांगू? शिक्षण हक्क कायद्यातल्या, म्हणजे आरटीईच्या, पंचवीस टक्क्यांच्या प्रवेशाचं तेच. फेब्रुवारी २०२४ला नियम बदलला, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला आरटीईचे प्रवेश नकोत. उच्च न्यायालयानं जुलैमध्ये तो बदल रद्द केला. तोवर गरीब आयाबाया अर्ज हातात धरून बसलेल्या. दरवेळी "मुलांच्या हितासाठी" म्हणायचं आणि दरवेळी मागं फिरायचं. मग आमच्या शाळेच्या नोटीस बोर्डावर लावलेल्या कागदावर तरी कुणी विश्वास का ठेवावा?

सर यावर वाद घालत नाहीत. त्यांच्या नोकरीच्या काळातही बुधवारी आलेले परिपत्रक शुक्रवारी रद्द झालेले त्यांनी पाहिलेले असते. पण त्यांचे दुखणे दुसरीकडे आहे आणि ते बोलू लागतात तेव्हा पालकांनीही थांबून ऐकावे असे आहे.

सर : तुला वाटतं शाळा पालकांपासून दडवते. मुख्याध्यापकाचा दिवस बघ एकदा. चार वर्ग, तीन शिक्षक. सकाळी व्हॉट्सअॅपवर माहिती मागतात, दुपारी बारापर्यंत पाहिजे म्हणे. पोषण आहाराची नोंद, यू-डायस, आधारची जुळणी, वर बीएलओ म्हणून मतदारयादीचं काम. शिक्षण हक्क कायद्यात कलम २७ आहे, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नये म्हणून. निवडणुकीच्या नावाखाली वर्षभराची कामं त्यात बसवतात. अशा माणसाला तू म्हणतेस, दर महिन्याला सभा घे, हिशेब वाचून दाखव. त्यानं शिकवायचं कधी? आणि एखाद्या पालकानं वर्गात शिरून मोबाइलवर व्हिडिओ काढला की शिक्षकाची अब्रू गावभर. विश्वास म्हणतेस ना? शिक्षकाचा तुमच्यावर विश्वास बसावा, यासाठी काय केलं?

ताई : खरं सांगू? काही केलं नाही. पण सर, त्याच मुख्याध्यापकांना एक विचारा. आमच्या समितीची सभा होते कुठं? प्रोसिडिंगची वही शिपाई घरी घेऊन येतो. "ताई, इथं सही करा." वर लिहिलेलं असतं, सर्वानुमते ठराव मंजूर. कसला ठराव, ते मला सहीनंतर कळतं. एकदा मी म्हटलं, आधी सभा, मग सही. तर सगळ्या गावात झालं, नवी अध्यक्ष फार शहाणी आहे.

हा वहीचा प्रकार महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्यात गेलात तरी ऐकायला मिळेल. कायद्यात समिती कशी आहे ते आधी बघू. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याच्या कलम २१प्रमाणे समितीतले पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असतात. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधूनच होतो, मुख्याध्यापक सचिव असतात आणि महिन्याला एक सभा अपेक्षित आहे. शाळेचा विकास आराखडा करणे आणि अनुदान कसे वापरले जाते यावर लक्ष ठेवणे ही समितीची कामे. अनुदानित खाजगी शाळांत मात्र २०१२च्या दुरुस्तीनंतर समिती फक्त सल्ला देऊ शकते आणि विनाअनुदानित शाळांना हे कलम लागूच नाही. म्हणजे पालकांना सगळ्यात जास्त अधिकार कुठल्या शाळेत आहेत? जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या. ज्या शाळांना आपण कमी लेखतो, नेमक्या तिथे. ही गोष्ट कळंब्यातल्या किती पालकांना कुणी सांगितली असेल?

पूर्वी शाळांचा कारभार वेगळा होता. जुनी माणसे प्राथमिक शाळेला 'स्कूल बोर्डाची शाळा' म्हणायची. १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण भागातली बोर्डे गेली. शहरांत शिक्षण मंडळे राहिली. तीही सत्तेतल्या पक्षांच्या कार्यकर्त्यांची सोय लावण्याची जागा आहेत, अशी टीका वर्षानुवर्षे झाली आणि २०१३मध्ये राज्याने ती बरखास्त करण्याचा कायदा केला. बोर्ड गेले, मंडळ गेले, आता गावाच्या आणि शाळेच्या मधे जे काही आहे ते ही समितीच. ती वहीपुरती राहिली तर मधे काहीच उरत नाही.

सर : समजा सभा झाली. येणार कोण? रोजगार बुडवून एमआयडीसीतला कामगार येणार आहे का? ऊसतोडीला गेलेली बाई येणार आहे? येतात ते रिकामे आणि पुढारी. मग गावातले दोन गट समितीतही येतात. सरपंचाचा गट एका बाजूला, सोसायटीचा दुसऱ्या.

ताई : म्हणून सभा अकराला ठेवायची नाही. संध्याकाळी सात वाजता ठेवा, रविवारी ठेवा. आणि गटांचं म्हणाल तर मला एक सुचतं, तुम्ही हसू नका. माझी धाकटी जाऊ तिच्या पोराला विनाअनुदानित शाळेत पाठवते. तिथं फीच्या कायद्यात पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडतात.

सर : २०११चा फी विनियमनाचा कायदा. हो, त्यात आहे तसं.

ताई : मग श्रीमंतांच्या शाळेत चिठ्ठी चालते, आमच्याकडं का नाही? ज्यांना काम करायचंय त्यांनी नावं द्यावीत आणि पोरीच्या हातानं चिठ्ठी काढावी. मग ती भाड्यानं राहणारी बाईसुद्धा निघेल, जिला आज कुणी विचारत नाही. तिचं कुठल्या गटाशी देणं-घेणं नसतं.

सर : ...हे वाईट नाही. पण चिठ्ठीनं आलेल्याला हिशेब कळायला पाहिजे.

ताई : निवडून आलेल्याला कळतो का?

चिठ्ठीची ही कल्पना मला मनापासून पटते. शासनाने शाळा व्यवस्थापन समितीसाठी तो पर्याय नियमातच द्यावा. पालकांची निवडणूक लावून काय होते याचा मोठा अनुभव अमेरिकेत शिकागो शहराला आहे. १९८८च्या कायद्याने तिथे प्रत्येक शाळेला स्थानिक शाळा परिषद मिळाली. तीत पालकांचे बहुमत आणि मुख्याध्यापक नेमण्याचा अधिकारसुद्धा. आपल्याकडे कुणी कल्पनाही करणार नाही इतका मोठा अधिकार. सुरुवातीला मोठा उत्साह होता, पुढे मात्र कितीतरी शाळांत उमेदवार मिळेनात. कागदावरचा मोठा अधिकार रोजच्या कामात उतरला नाही, तर लोक घरी बसतात. आपल्या समित्यांना आधी लहान अधिकार तरी खरे मिळू द्यावेत.

त्या लहान अधिकारांत पहिला पैशाचा. सरकारी शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान येते. तीस मुलांपर्यंत दहा हजार, शंभरपर्यंत पंचवीस हजार, अडीचशेपर्यंत पन्नास हजार, हजारपर्यंत पंचाहत्तर हजार आणि त्यापुढे एक लाख. वीजबिल, खडू, फिनेल, किरकोळ दुरुस्ती हे सगळे त्यातूनच. पन्नास हजारांचे खडू-फिनेलचे हिशेब भिंतीवर लावले तर शाळेचे काही बिघडत नाही. उलट वीजबिलातच निम्मे गेले हे पालकांना कळले, तर शौचालयाचे दार का दुरुस्त झाले नाही याचे उत्तर आपोआप मिळते आणि मुख्याध्यापकांवरचा संशय जातो. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात कलम ४ आहे. सार्वजनिक पैशाची माहिती कुणी मागायच्या आधी स्वतःहून द्यायची, असे ते सांगते. शाळेला वेगळे धोरण लागतच नाही.

लोकवर्गणीच्या पैशाला तर हे आणखी लागू. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात वाबळेवाडीच्या लोकांनी शाळेसाठी जमीन दिली, पैसा उभा केला आणि राज्यभरातून माणसे ती जिल्हा परिषदेची शाळा बघायला येऊ लागली. २०२१मध्ये प्रवेशासाठी पालकांकडून पैसे घेतल्याचा आरोप झाला, मुख्याध्यापक निलंबित झाले. नंतर ते कामावर परतले आणि खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची जवळजवळ रिकामी झालेली शाळा त्यांनी पुन्हा भरवली. तिला २०२५मध्ये जागतिक पातळीवरचा लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. सरांना यात शिक्षकाचे मोठेपण दिसते, ताईंना गावाचे. दोघांचेही खरे आहे. मला त्यात आणखी एक दिसते. इतक्या नावाजलेल्या शाळेलाही वर्गणीच्या पैशाने अडचणीत आणले. ज्या दिवशी पैसा आला त्याच दिवशी पावती आणि त्याच आठवड्यात भिंतीवर आकडा, हा नियम चांगल्या शिक्षकाच्या संरक्षणासाठी आहे.

सर : पैशाचं पटलं. पण शिकवण्यात लुडबूड नको. गणित कसं शिकवायचं, कुणाला कुठला वर्ग द्यायचा, हे समितीनं ठरवायचं नाही.

ताई : नाही ठरवणार. लिहून देते. मात्र पोरांच्या सुरक्षेचं विचारणार. तिथं "आमच्यावर विश्वास ठेवा" हे उत्तर मी घेणार नाही. बदलापूरनंतर तर नाहीच.

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापुरात शिशुवर्गातल्या दोन मुलींवर शाळेच्या आवारात अत्याचार झाला. पालकांना तक्रार नोंदवून घेण्यासाठी ताटकळावे लागले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि दिवसभर गाड्या थांबल्या. त्या जमावातल्या बायकांच्या चेहऱ्यांवर जो राग होता तो एका माणसावरचा नव्हता. आम्ही सांगितले तेव्हा कुणी ऐकले नाही, असा तो राग होता. दुसऱ्याच दिवशी शासनाचा आदेश आला, सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत सखी सावित्री समिती. सखी सावित्री समितीचा आदेश मुळात मार्च २०२२चा. अडीच वर्षांनी तो पुन्हा काढावा लागला, यातच सारे आले.

सर : सीसीटीव्ही बसतायत की आता.

ताई : बसतायत. रेकॉर्डिंग बघायचा हक्क कुणाला? पेटी आहे, किल्ली कुणाकडं? ज्यांच्याविरुद्ध चिठ्ठी असेल त्यांच्याच टेबलाच्या खणात. पेटी महिन्याच्या सभेत दोन पालक आयांच्या समोर उघडा. कुणाचं नाव फोडू नका, पण चिठ्ठ्या किती निघाल्या, किती निकालात काढल्या, एवढं वाचून दाखवा. पोषण आहाराची चव आयांना घेऊ द्या, वहीत सही त्यांची घ्या. याला पैसा लागत नाही.

सर : आणि तक्रार खोटी निघाली तर?

ताई : तर तेही त्याच सभेत सांगा. शिक्षकाची अब्रू वाचेल. तुम्ही मघाशी विचारलंत ना, शिक्षकाचा आमच्यावर विश्वास बसावा म्हणून काय केलं? हे करू. व्हिडिओ काढणाऱ्या पालकाला मी स्वतः सांगेन, आधी लेखी दे, पंधरा दिवस थांब.

सर : पंधरा दिवसांत उत्तर न मिळालं तर?

ताई : तुम्हीच सांगा. खात्यात होता तुम्ही.

सर : शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२. मुलाच्या हक्काबद्दलची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडं, म्हणजे आपल्याकडं जिल्हा परिषदेच्या यंत्रणेकडं द्यायची. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निकाल द्यावा लागतो. पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडं अपील. माझ्या सबंध नोकरीत या कलमाखाली एकही पालक माझ्यासमोर आला नाही.

ताई : कुणाला माहीत होतं?

सर : आम्ही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काम वाढलं असतं, असं वाटायचं.

इथे दोघांत काही बाबतींत एकमत झाले, सगळ्या बाबतींत नाही. समितीला शिक्षकांच्या कामाबद्दल मत नोंदवता यावे असे ताईंना वाटते. सरांचा त्याला ठाम विरोध आहे. कमी पटाच्या शाळांबद्दलही ते भांडतात. २०२३मध्ये शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. शिक्षक आणि सोयी एकत्र आल्या तर मुलांचे भले होईल, असे सरांना वाटते. वाडीतली शाळा बंद करण्याआधी त्या वाडीच्या पालकांची सभा आणि लेखी संमती हवी, असे ताई म्हणतात. मला वाटते, शिकवण्याच्या बाबतीत सरांचे ऐकावे. शाळा बंद करणे, पैसा, सुरक्षा आणि वेळापत्रक यांत ताईंचे. शाळा बंद झाली की घरी बसते ती बहुधा मुलगी असते आणि तिच्या आईला विचारल्याशिवाय तो निर्णय कुणीही घेऊ नये.

कोल्हापूरच्या हद्दवाढीचा प्रश्नही पुन्हा निघाला आहे. उद्या कळंबा शहरात गेले तर इथल्या प्राथमिक शाळेचे व्यवस्थापन जिल्हा परिषदेकडून महापालिकेकडे जाण्याचा प्रश्न उभा राहील. घरफाळा, पाणीपट्टी, बांधकाम परवाने यांवर गावात बोलणे होतेच. त्या यादीत शाळेचे नाव कुणी घेत नाही. शाळा व्यवस्थापन समितीने हा विषय आताच आपल्या सभेत घ्यायला हवा.

तुमचे मूल जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत असेल तर एवढे करा. समिती कधी स्थापन झाली ते मुख्याध्यापकांना विचारा. तिची मुदत दोन वर्षांची असते. संपली असेल तर पालकसभा लावायला सांगा, कामावरून सुटल्यावर येता येईल अशा वेळी. त्या सभेला जा आणि शेजारच्या भाडेकरू बाईलाही बरोबर न्या. प्रोसिडिंगची वही घरी आली तर सही न करता परत पाठवा.